संस्थेची मुद्रा
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या सभागृहाचा दर्शनी फलक व संघाचे बोधचिन्ह बदलावे, असा ठराव आज यावयाचा आहे. त्यासंबंधी बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. हा प्रश्न केवळ रंगाऱ्याचा नव्हे. संस्था कोणासाठी आहे, याचे उत्तर फलकाने एका दृष्टिक्षेपात द्यावयाचे असते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली शिक्षणसंस्था काढली, तिला स्वतःचे नाव दिले नाही. ‘रयत’ हे नाव दिले आणि वटवृक्ष हे चिन्ह घेतले. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्यालाही वडाची सावली कळत होती. कलेच्या क्षेत्रात पाहावे, तर १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी स्त्री आठवते. नाव पहाटेचे आणि चित्र ललकारीचे; दोहोंचा अर्थ एक. कंपनी केव्हाच लयास गेली, तुतारी मात्र स्मरणात आहे.

परंतु चिन्हात प्राण ओतते ते कार्य. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने १९७४ पासून प्रायोगिक नाटकांस जागा करून दिली. तेथे थाटमाट नव्हता. तरी शाळेचे नाव एका नाट्यचळवळीचे नाव होऊन बसले. आपल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींनी चालविलेल्या चळवळीचे ‘हरित वसई’ हे दोनच शब्द घ्या. काय राखावयाचे आणि कोठे, हे त्यांत सामावले आहे.

आता आपल्याकडे पाहू. पावतीपुस्तकावर समई, निमंत्रणपत्रिकेवर सूर्य, शिष्यवृत्तीच्या अर्जावर पुस्तक! फलकावर देणगीदारांची नावे इतकी दाटली आहेत की सभागृहाचे नाव शोधावे लागते. देणगीदारांचे ऋण आपण विसरू नये. त्यांची नावे आत संगमरवरी शिळेवर कोरावी. दारावर एकच नाव असावे, एकच चित्र असावे आणि अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढे ठळक असावे. तेच चित्र पावतीवर लहान झाले तरी ओळखू यावे.

चित्र कोणते? आमची सूचना रहाटाची आहे. वसईच्या वाड्या रहाटाच्या पाण्यावर पोसल्या. गाडगे भरते, वर येते, रिते होते आणि पुन्हा भरावयास जाते. समाजकार्याचे याहून चपखल चित्र आम्हांस सुचत नाही.

राहिला ज्ञातीच्या नावाचा प्रश्न. काही वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे की, वाडवडिलांनी पोटास चिमटा घेऊन हे सभागृह उभारले, तेव्हा फलकावर ज्ञातीचेच नाव मोठे असावे. त्यांची भावना आम्हांस वंदनीय आहे. संघाच्या नावात ज्ञाती आहेच, ती राहो. परंतु २००९ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात आज नाना ठिकाणांहून आलेली माणसे आपले शेजारी आहेत. त्यांची मुले नाटकाच्या तालमीस जागा शोधत फिरतात, आणि आपला रंगमंच वर्षातील बहुतेक दिवस अंधारात असतो. ज्ञातीचे नाव वाचून ती दारातूनच परत जात असतील, तर तो फलक भिंतीचे काम करतो. सभागृहास वाडीचे, गावाचे नाव द्यावे. रहाटाचे पाणी पाटातून वाहू लागले की ते शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचावे, हीच त्याची रीत.

ठराव संमत करताना एवढे पाहावे की, फलकावर जे लिहू ते आतही आढळेल. मग तो फलक पंचवीस वर्षे बदलू नये.