गवंड्याला माप आपण द्यायचं



गॅस आला, तरी भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला आपल्याकडे चूल पेटतेच. मग ती धुराड्याची का नसावी?

सरकारची निर्धूर चुलीची योजना १९८३ साली निघाली, २००२ साली बंद झाली. गावोगावी चुली बसल्या, पण पुष्कळ पडून राहिल्या. कुठे भांडं बसेना, कुठे धुराडं काजळीने तुंबलं.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय, गवंडी येईल तेव्हा रांधणारी बाई समोर हवी. रोजचा तवा, पातेलं त्याच्यापुढे ठेवायचं. पुढचं भोक तव्याच्या मापाचं, मागचा वैल पातेल्याच्या मापाचा. भांडं चपखल बसलं की फटीतून धूर येत नाही, जाळही वाया जात नाही. भाकरी शेकायला तोंडापुढे निखारे ओढण्यापुरती जागा मागून घ्यायची. धुराडं छपराच्या वर न्यायचं, पाइप वाशाला भिडू द्यायचा नाही. काजळी काढायला खाली झाकण ठेवायला सांगायचं.

नवी चूल पुरती वाळल्याशिवाय पेटवू नका, तडे जातात. सरपण वाळलेलं, बारीक फोडलेलं घाला. वैल रिकामा असेल तर झाकून ठेवा. महिन्यातून एकदा तरी काजळी काढा.

"इतका खर्च कशाला?" असं घरात कुणी विचारलं, तर सांगा: धूर नुसता डोळ्यांना झोंबत नाही, तो छातीत उतरतो. आपल्या, आणि मांडीवरच्या लेकराच्याही.