मलूल जनावर काय सांगते?

(पशुपालक मेळाव्यातील भाषण)



सकाळी गोठ्यात गेल्यावर एखादी गाय कान पाडून कोपऱ्यात उभी दिसते. वैरण तशीच पडलेली, रवंथ बंद, दूध घटलेले. आपण लगेच कास चाचपतो, ताप पाहतो. गायीला आळस आला, असे कोणी म्हणत नाही.

कासदाह, म्हणजे आपली दगडी, झाली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची द्रव्ये सोडतात. दाह कासेत असतो, पण त्याची वर्दी रक्तातून आणि मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जाते. मग ताप चढतो, भूक मंदावते, हालचाल कमी होते. अमेरिकेतील पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली दाखवून दिले, की हा शरीराचा बचाव आहे. शक्ती वाचवून ती रोगाशी लढण्यासाठी वापरली जाते. रोग हटला की जनावर पुन्हा चरू लागते.

अडचण येते ती दाह किंवा ताण लांबला म्हणजे. इंग्लंडमधील पॉल विल्नर यांनी १९८७ साली उंदरांवर प्रयोग केला. मारहाण नाही. कधी पिंजरा तिरपा ठेवला, कधी खालचे अंथरूण ओले केले, कधी रात्रभर दिवा जळत ठेवला. असे काही आठवडे चालल्यावर उंदरांची साखरपाण्याची आवडच कमी झाली. नैराश्यावरील औषध काही आठवडे दिल्यावर ती परत आली.

जंतूंच्या आवरणातील विष टोचलेल्या उंदरांतही असेच आढळले. दुसऱ्या दिवशी ते खाऊ-फिरू लागले, तरी गोडाची ओढ मात्र कमीच राहिली.

याचे एक कारण असे. कॉर्टिसॉल हा ताणाच्या वेळी स्रवणारा संप्रेरक एरवी दाह आटोक्यात ठेवतो. ताण लांबला की पेशी त्याला जुमानत नाहीत आणि दाह धुमसत राहतो.

म्हणून गोठ्यात सावली, पुरेसे पाणी आणि कोरडी जागा ठेवा. दाटी टाळा, कळपात वारंवार फेरबदल करू नका. गायीचे तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट असते. ते वाढलेले दिसल्यास किंवा कास सुजल्यास पशुवैद्यकांना त्वरित बोलवा.

आता घरातल्या माणसाकडे वळू. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि प्रत्येक नैराश्यामागे दाह असतोच असेही नाही. परंतु काविळीच्या एका प्रकारावर, हेपटायटिस सी वर, पूर्वी इंटरफेरॉन ही दाह चेतवणारी इंजेक्शने देत. त्यातील बऱ्याच रुग्णांना उपचारादरम्यान नैराश्य आले. मन खचणे हा केवळ मनाचा दुबळेपणा नसतो, एवढे यावरून निश्चित कळते.

पीक गेले, कर्ज थकले, झोप उडाली. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, तर त्या माणसाला "हातपाय गाळून बसलास" असे बोलू नका. दुकानातून सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणून देऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तेथे मराठीतून बोलता येते.

मलूल गायीला आपण दोष देत नाही, तिच्यावर उपचार करतो. तोच न्याय माणसालाही लावू या.