खाजगी विद्यापीठ : फी आणि दरवाजा
(संस्थेच्या वार्षिक सभेतील व्याख्यानाचा मजकूर)





‘खाजगी’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडच्या बापाचा हात आधी खिशाकडे जातो. महाराष्ट्रात 1983 नंतर विनाअनुदानित महाविद्यालये निघाली आणि देणगी हा शब्द प्रत्येक घरात माहीत झाला. त्यामुळे परदेशातले नामांकित खाजगी विद्यापीठ म्हणजे श्रीमंतांचाच मामला, असे आपण धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे, ते हार्वर्ड विद्यापीठाच्या उदाहरणाने आज आपल्यापुढे मांडणार आहे.

अमेरिकेत बॉस्टन शहराला लागून केंब्रिज नावाचे गाव आहे. तेथे 1636 साली हे कॉलेज स्थापन झाले. जॉन हार्वर्ड नावाच्या तरुण धर्मोपदेशकाने 1638 साली मरताना आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे 400 ग्रंथ कॉलेजला दिले, म्हणून त्याचे नाव लागले. तेव्हापासून दानाचा ओघ थांबलेला नाही. आज त्या निधीची रक्कम 5,000 कोटी डॉलरांहून अधिक आहे. वक्फची कल्पना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था चटकन समजेल : मुद्दल राखायचे आणि उत्पन्नातून काम चालवायचे. त्या निधीत चौदा हजारांहून अधिक वेगवेगळी दाने आहेत. त्यांतले एक अताउल्ला ओझाई-दुर्रानी यांचे. मूळचे अफगाण असलेल्या या गृहस्थांनी झटपट शिजणारा तांदूळ काढून पैसा मिळवला आणि 1964 साली निधन पावताना मीर आणि गालिब यांच्या अभ्यासासाठी मोठी रक्कम ठेवली. त्या देणगीमुळेच ॲनमेरी शिमेल या थोर विदुषी 1967 पासून हार्वर्डमध्ये शिकवू लागल्या.

आता फीचा प्रश्न. 2025-26 या वर्षी पदवी अभ्यासक्रमाची शिकवणी, राहणे व जेवण मिळून छापील खर्च 86,926 डॉलर होता. रुपयांत तो सत्तर लाखांहून अधिक भरतो. आकडा वाचून बहुतेक पालक माहितीपत्रक मिटून ठेवतात. पण पुढचे पान वाचले पाहिजे. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत आहे आणि मालमत्ताही सर्वसाधारण आहे, त्या पालकांकडून त्या वर्षापासून काहीही घेतले जात नाही. एक लाख डॉलर म्हणजे ऐंशी लाख रुपयांहून अधिक! या सभागृहात त्या रेषेच्या वर कितीजण असतील, हे आपणच सांगा. मदत अनुदानरूपाने मिळते, कर्ज काढण्याची सक्ती नाही. परदेशी विद्यार्थ्यांनाही हाच नियम आहे आणि मदत मागितली म्हणून निवडीत अर्ज मागे पडत नाही. येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. येथेही असेच धोरण आहे. मात्र सगळीकडे असे नाही. स्टॅनफर्डमध्ये परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर ती बाब निवडीत लक्षात घेतली जाते. म्हणून प्रत्येक ठिकाणचा नियम स्वतः वाचावा, दलालाच्या तोंडून ऐकू नये.

तेव्हा फी ही खरी अडचण नाही. खरी अडचण दरवाजाची आहे. शंभर अर्जांमागे साधारण चारांनाच प्रवेश मिळतो. एस.ए.टी. किंवा ए.सी.टी. ही परीक्षा द्यावी लागते, पण केवळ गुणांवर निवड होत नाही. शाळेतील गेल्या काही वर्षांची प्रगती, दोन शिक्षकांची पत्रे, विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला निबंध आणि वर्गाबाहेर त्याने काय केले, हे सगळे पाहतात. नेहमीच्या अर्जाची मुदत 1 जानेवारी असते. अडचण असल्यास अर्जाची फी माफ होते.

तिथल्या शिक्षणाची रीतही वेगळी आहे. प्रवेश घेताना शाखा ठरत नाही. सुमारे पन्नास विषयांतून मुख्य विषय दुसऱ्या वर्षी निवडायचा. पहिल्या वर्षी लेखनाचा वर्ग सर्वांना सक्तीचा, मग कोणी गणिताचा असो की इतिहासाचा. आपल्या गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी 1929 साली येथूनच पदवीधर झाले. पुढे त्यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवले, आणि प्राचीन नाण्यांवर व भारताच्या इतिहासावरही मोलाचे लेखन केले. अनेक विषय मनापासून शिकण्याला तिथे वाव असतो, तो असा. डॉक्टर किंवा वकील व्हायचे असेल तर मात्र आधी चार वर्षांची पदवी, मग पुढचे शिक्षण. त्या पुढच्या शिक्षणाला वर सांगितलेली सवलत लागू नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शिकवणी माफ होऊन निर्वाहभत्ता मिळतो, पण बहुतेक व्यावसायिक अभ्यासक्रमांना कर्ज काढावे लागते. जमीन विकण्यापूर्वी हा फरक नीट समजून घ्यावा.

पालकांच्या मनात आणखी शंका असतात. तिथे भोजनगृहात हलाल जेवण मिळते, नमाजासाठी जागा आहे, मुस्लिम विद्यार्थ्यांचे मंडळ आहे. पदवीवर्गात जवळजवळ निम्म्या मुली आहेत. 2025 साली अमेरिकन सरकारने हार्वर्डमध्ये परदेशी विद्यार्थी घेण्यास मनाई केली आणि न्यायालयाने ती रोखली. तेव्हा व्हिसाची अनिश्चितता आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मग करायचे काय? आठवीपासून मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन लावा. आठवड्याला एक पान स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा, आधी मराठीत किंवा उर्दूत, मग इंग्रजीत. एखादा छंद किंवा समाजाचे एखादे काम त्याला वर्षानुवर्षे निष्ठेने करू द्या. शिक्षकांनी आपला विद्यार्थी जवळून ओळखावा, म्हणजे शिफारसपत्र खरे उतरेल. संस्थेने परीक्षेची फी, प्रवासभाडे आणि मार्गदर्शन यांसाठी छोटा कायम निधी उभारावा. दुर्रानींची गोष्ट सांगितली ती याचसाठी.

शंभरातल्या शहाण्णवांना नकार येईल, हे उघड आहे. पण जो मुलगा वाचायला, विचार करायला आणि लिहायला शिकला, त्याची ही तयारी मुंबईत, पुण्यात, अलीगढला, कुठेही वाया जाणार नाही. निवड समितीने नाकारले तर नाकारू द्या. निदान आपणच आपल्या लेकरांचा अर्ज घरातच नामंजूर करू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.