पहिल्या दिवशी आमदाराने काय मागावं?

आजचा भाग बंगळूरच्या राजाजीनगरातून. फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी इथेच राहतो. पण विषय फक्त इथला नाही. बेळगाव, पुणे, नागपूर, इंदूर, बडोदा, तुम्ही जिथे असाल तिथे विधिमंडळ आहे, आमदार आहे आणि वर्षातून काही वेळा अधिवेशनाची तारीख जाहीर होते. तारीख आली की प्रत्येक पक्षाचा आमदार आपली यादी सांगतो: अमुक विधेयक आणणार, तमुक कायदा रद्द करायला लावणार. मी आज उजव्या बाजूच्या, परंपरा मानणाऱ्या आमदाराच्या यादीबद्दल बोलणार आहे, कारण मी स्वतः त्या बाजूचा मतदार आहे. शेजाऱ्याच्या अंगणातला केर मोजण्यापेक्षा आपलं अंगण झाडलेलं बरं.

कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. पुराणमतवादी म्हटलं की शिवी वाटते, सनातनी म्हटलं की अर्थ बदलतो. माझ्या लेखी अर्थ साधा आहे. जे चाललेलं आहे ते मोडण्याआधी दहादा विचार करणारा, आणि सरकारच्या हातात नवी सत्ता देण्याआधी शंभरदा विचार करणारा.

अशा माणसाचं नाव आमच्या वस्तीलाच आहे. राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. ते देशाचे गव्हर्नर जनरल होते त्या काळात ही औद्योगिक वसाहत उभी राहिली. पदवीचं शिक्षण त्यांनी इथल्याच सेंट्रल कॉलेजात घेतलं होतं. आज इथे नवरंग थिएटर कुठे आहे, इस्कॉनचं देऊळ कुठे आहे, भाष्यम सर्कलला कुठून जायचं, हे कोणीही सांगेल. राजाजी कोण, हे विचारलं तर बरेच जण मेट्रो स्टेशनचं नाव सांगतील! असो.

राजाजी १९३७ साली मद्रास प्रांताचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. त्यांची यादी काय होती बघा. सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी १९३८ चा कायदा. दलितांना मंदिरं खुली करणारा १९३९ चा कायदा. आणि दारूबंदीने महसूल बुडणार, म्हणून १९३९ मध्येच विक्रीकर. तिजोरीला भोक पाडायचं तर ते कशाने बुजवणार, हे त्याच सरकारनं सांगितलं. आजच्या घोषणांमध्ये हा दुसरा भाग सापडत नाही, ना उजवीकडे, ना डावीकडे.

म्हणजे परंपरा मानणारा माणूस हातावर हात ठेवून बसतो, असं नाही. पण त्याच राजाजींनी शाळांमध्ये हिंदुस्थानी सक्तीची केली, आणि विरोध करणाऱ्यांना पकडायला क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ॲक्ट वापरला, जो इंग्रजांनी काँग्रेसवाल्यांविरुद्ध वापरला होता. १९६५ मध्ये हेच राजाजी हिंदीच्या सक्तीविरुद्ध उभे होते. कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला यातली मेख समजावून सांगायला नको. भाषेच्या बाबतीत सरकारच्या हातात काठी दिली की ती आज कुणाच्या पाठीत बसेल आणि उद्या कुणाच्या, हे काठी ठरवत नाही.

पुढे जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव झाला. त्याच वर्षी, ऐंशीच्या घरात असताना, राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६२ मध्ये लोकसभेत १८ जागा, १९६७ मध्ये ४४, म्हणजे सर्वांत मोठा विरोधी पक्ष. लायसन्स-परमिट राज हा शब्द त्यांचाच. त्यांचा मुद्दा माझ्या भाषेत सांगतो: सरकार कितीही भल्या हेतूने आलं तरी त्याला अडवणारं कोणीतरी हवं, आणि ते अडवणं सभागृहात व्हायला हवं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. फौजेत युद्धाचं पहिलं तत्त्व शिकवतात, लक्ष्याची निवड आणि त्यावर टिकून राहणं. दहा लक्ष्यं असली तर एकही नसतं. मला विचाराल तर आमच्या बाजूच्या आमदाराचं पहिलं लक्ष्य कुठलंही विधेयक नसावं. सभागृह चालवा, पूर्ण दिवस चालवा आणि चर्चेशिवाय काही मंजूर करू नका, एवढंच असावं. पुढचं सगळं त्यानंतर.

कर्नाटकात याबद्दल चक्क कायदा आहे. २००५ चा. वर्षातून किमान ६० दिवस विधिमंडळ बसलं पाहिजे, असं तो म्हणतो. देशात असा नियम स्वतःला लावून घेणारी राज्यं मोजकी. आणि त्यानंतरच्या बहुतेक वर्षांत ६० चा आकडा गाठलेला नाही. सरकारं काँग्रेसची होती, जनता दलाची होती, भाजपचीही होती. कायदे करणारं सभागृह स्वतःसाठी केलेला कायदा पाळत नाही आणि त्याबद्दल कुणाला नोटीस जात नाही. मी एखाद्या जवानाला रजेवरून दोन दिवस उशिरा आला म्हणून उभा करायचो, ते आठवतं.

महाराष्ट्रातल्या मंडळींनी हसू नये. नागपूर करारामुळे तुमचं एक अधिवेशन नागपूरला होतं. विदर्भाच्या प्रश्नांना वेळ मिळावा हा हेतू. २०२४ चं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवस. त्यात शोकप्रस्ताव, पुरवणी मागण्या आणि मोर्चे वजा करा.

दिवस कमी पडले की काय होतं, याचा नमुना २१ मार्च २०२५ रोजी इथल्या विधानसौधात दिसला. सरकारी कंत्राटांत मुस्लिमांना चार टक्के आरक्षण देणारं विधेयक आणि हनी ट्रॅपचे आरोप, यांवरून गदारोळ झाला. भाजपचे आमदार अध्यक्षांच्या आसनापर्यंत चढले, कागद फाडून फेकले. अठरा जणांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं, मार्शलांनी काहींना उचलून बाहेर नेलं. दोन महिन्यांनी निलंबन मागे घेतलं, तो भाग वेगळा. पण त्याच गोंधळात त्याच दिवशी आणखी एक विधेयक चर्चेविना मंजूर झालं. आमदारांचा पगार महिना ४० हजारांवरून ८० हजार, मुख्यमंत्र्यांचा ७५ हजारांवरून दीड लाख. या एका विषयावर कागद फाडायला कोणी पुढे आलं नाही!

अठरा माणसं बाहेर गेल्यावर सरकारला अडवणारे अठरा कमी झाले. मोर्चा सोडून शत्रूला शिव्या द्यायला बाहेर पळणाऱ्या सेक्शनला आम्ही शूर म्हणत नसू. आरक्षणाच्या त्या विधेयकाला विरोध करायचे कारण होते, माझाही विरोध आहे. पण विरोध म्हणजे कलमावार दुरुस्त्या देणं, मतविभागणी मागणं, कोणी कुठे मत दिलं ते नोंदवून घेणं. आवाजी मतदानात काहीच नोंद होत नाही. २०१० मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. ते एक मत शरद जोशींचं. चांदवडला लाखो शेतकरी स्त्रियांना एकत्र आणणारा हा माणूस एकट्याने विरोधात उभा राहिला. तुम्ही सहमत असा वा नसा, पण त्यांचं मत आज मोजता येतं.

आता आमच्या बाजूचं दुसरं दुखणं, वटहुकूम. गोहत्याबंदीचं विधेयक कर्नाटक विधानसभेत डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालं, विधान परिषदेत अडकलं. जानेवारीत वटहुकूम निघाला, मग फेब्रुवारीत परिषदेत आवाजी मतदानाने मंजुरी. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत, मे २०२२ मध्ये वटहुकूम, सप्टेंबरमध्ये परिषद. दोन्ही विषय आमच्या बाजूच्या मतदाराच्या जिव्हाळ्याचे आहेत. पण वरचं सभागृह अडवतंय म्हणून राज्यपालांच्या सहीने मार्ग काढायचा, ही वाट राजाजींच्या पक्षाची नव्हे. जून २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने धर्मांतरविरोधी कायदा रद्द करायचं ठरवलं, तेव्हा आमची मंडळी म्हणाली की इतकी घाई का. घाईचा धडा कोणी दिला होता?

वटहुकुमाच्या बाबतीत पुण्याची एक गोष्ट सर्वांना माहीत असावी. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. डी. सी. वाधवा नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. बिहारच्या जमिनीच्या कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की तिथे कायदे कमी आणि वटहुकूम फार. घटनेप्रमाणे अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकुमाला मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. बिहार सरकार काय करायचं, तर तो संपायच्या सुमारास तोच मजकूर पुन्हा काढायचं. १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम असे पुन्हा पुन्हा काढले गेले, त्यातला एक जवळजवळ चौदा वर्षं जिवंत ठेवला. एका प्राध्यापकाने गॅझेटं चाळून हे मोजलं, पुस्तक लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनेशी लबाडी ठरवली आणि वाधवांना दहा हजार रुपये खर्च देववला. हे काम विरोधी आमदारांचं होतं. ते करायला पुण्याहून माणूस जावा लागला.

म्हणून यादीत दुसरी गोष्ट: सत्तेत असू तेव्हाही वटहुकूम टाळू, असं आमच्या आमदाराने आधी, विरोधात असतानाच, सभागृहात म्हणावं. मागाहून म्हणणं सोपं नसतं.

तिसरी गोष्ट माझ्या मनाच्या अगदी जवळची आहे आणि ती आमच्याच मतदारसंघाशी जोडलेली आहे. इथले भाजपचे आमदार एस. सुरेश कुमार २००८ ते २०१३ च्या सरकारात कायदा व संसदीय कामकाज मंत्री होते. त्या काळात नागरिकांना सेवेची हमी देणारा २०११ चा कायदा झाला आणि २ एप्रिल २०१२ पासून राज्यभर 'सकाल' नावाने सुरू झाला. कन्नडमध्ये सकाल म्हणजे योग्य वेळी. आपल्या 'सकाळ'शी गल्लत नको! सुरुवात १५१ सेवांनी झाली, पुढे आकडा हजारावर गेला. अर्ज दिला की नंबर मिळतो. दाखल्याला किती दिवस, हे ठरलेलं. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई, आणि ती संबंधित कर्मचाऱ्याच्या पगारातून. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला. मध्य प्रदेशाने तर २०१० मध्येच असा कायदा केला होता.

वीस रुपयांना कोण विचारतो, असं वाटेल. माझ्या पलटणीतल्या एका दिवंगत हवालदाराच्या पत्नीबरोबर मी वारसाच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात हेलपाटे घातले आहेत. कुठलं ते सांगत नाही. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला आहेत, साहेबांची बदली झाली. मी निवृत्त कर्नल, तरी बाकावर बसलो. त्या बाईंच्या वाट्याला मी सोबत नसताना काय येत असेल? तारीख लिहिलेला आणि नंबर असलेला कागद हातात असला की माणूस विनंती करत नाही, विचारतो. सरकारला मुदत घालणारा कायदा मला खऱ्या अर्थाने उजवा कायदा वाटतो. त्याने कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावलं नाही. त्याने टेबलापलीकडच्या माणसाला बांधलं. नव्या अधिवेशनात अशा मुदती कुठल्या खात्यांत मोडतात, भरपाई किती वसूल झाली, किती जणांनी मागितली, हे तारांकित प्रश्नाने विचारता येतं. आमच्या आमदारांनी ते जरूर विचारावं, कायदा त्यांच्याच काळातला आहे.

परिशिष्ट नऊबद्दल थोडक्यात. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातलेलं हे परिशिष्ट, जमिनीच्या कायद्यांना न्यायालयापासून वाचवण्यासाठी. तेरा कायद्यांनी सुरुवात झाली, १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीत एकदम ४४ भरले. स्वतंत्र पक्षाने तिला कडाडून विरोध केला होता. हा विषय संसदेचा आहे, आमदाराच्या हातचा नाही, म्हणून आज फक्त उल्लेख करतो.

आता विचाराल, एकटा आमदार, तोही विरोधी बाकावरचा, काय करणार? रामभाऊ म्हाळगी आठवा. जनसंघाचे आमदार, पुढे १९७७ आणि १९८० मध्ये ठाण्याचे खासदार. आपण वर्षभरात काय केलं, याचा अहवाल ते दरवर्षी छापून मतदारांपुढे ठेवत. सत्ता नसताना. आमदारांना शिकवणारी उत्तनची प्रबोधिनी त्यांच्याच नावाने चालते. तिथे शिकून आलेल्या किती जणांनी अहवाल छापला, हे मी तिथल्या एखाद्या माजी विद्यार्थ्यालाच विचारणार आहे.

तुम्हीही हे विचारा. आपल्या आमदाराला पत्र लिहा, मेल नको, पत्र. तीनच प्रश्न ठेवा: गेल्या वर्षी सभागृह किती दिवस बसलं, त्यातले तुम्ही किती दिवस हजर होता, आणि कुठल्या विधेयकावर एखादी तरी लेखी दुरुस्ती दिली का. उत्तर आलं तर मला पाठवा, आलं नाही तरी कळवा. पुढच्या भागात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधाबद्दल बोलू. २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालेली ती भव्य वास्तू वर्षातले किती दिवस उघडी असते आणि बाकी दिवस तिथे काय चालतं, ते सांगतो.