गोधडीचें गणित
(शाळेच्या पालकसभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही शिवणकामावर बोलणार हें समजतांच कांहीं मंडळी म्हणाली, "गुरुजी, हा बायकांचा विषय. तुम्ही शेतीवर बोला." परंतु जें कसब जन्मतांच टोपडें-कुंची होऊन अंगावर येतें व म्हातारपणीं गोधडी होऊन थंडी निवारितें, तें एकट्या बायकांचें कसें? संत नामदेव महाराज जातीनें शिंपी होते. सुई पुरुषाच्या हातीं शोभत नाहीं, असें पंढरीस जाऊन सांगण्याची कोणाची छाती आहे काय?

गोधडीच घेऊं, कोणी तिला वाकळ म्हणतात. नऊवारी लुगडें जीर्ण झालें कीं घरची म्हातारी त्याचे सव्वादोन वारांचे ४ तुकडे करिते. दोन-दोन तुकडे कडेला कड लावून जोडिले कीं एक जोड वरचा, एक खालचा. पन्हा सव्वा वार धरला तर सव्वादोन वार लांब व अडीच वार रुंद पांघरूण एकाच लुगड्यांतून निघतें. शिवणींत जाईल तें बोटभर वजा. मध्यें धोतराचे, सदऱ्याचे, फाटक्या चादरीचे तुकडे अंथरावयाचे, ते कोठें गोळा होऊं न देतां, कोठें भोंक राहूं न देतां. मग चहूं कोपऱ्यांवर दगड ठेवून तें सारवलेल्या भुईवर ताणावयाचें आणि कडेनें धावदोरा घालीत, चौकोनांत चौकोन करीत मधोमध यावयाचें. टाका विरळ पडला तर आंतला थर सरकतो व पहिल्याच धुण्यांत त्याचा बोळा होतो. हें जिला येतें तिला आपण अडाणी म्हणतों! हेंच उदाहरण आम्ही सातवीच्या वर्गांत फळ्यावर घातलें तेव्हां पुष्कळ मुलगे पाटीकडे पाहत बसले. एका मुलीनें मात्र चटकन उत्तर दिलें. तिनें आजीसंगें टाके घातले होते.

गाडगेबाबा १९५६ सालीं गेले. ते अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन गांवोगांव हिंडत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्यांना चिंधीची लाज वाटली नाहीं. मग पाहुणे येणार म्हटलें कीं आपण गोधड्या माळ्यावर कां लपवितों?

आतां जें बोलतों तें कडू लागेल. शिवण हा फावल्या वेळचा छंद, असें पुरुषमंडळी सहज बोलून जातात. घरांत फावला वेळ कोणाला आहे तें तरी पाहावें! बाईला छंद असावा असें ज्यांस वाटतें, त्यांनीं प्रथम संध्याकाळचें पाणी भरावें, भांडीं विसळावीं, आणि तिला तासभर मोकळें करावें. शहरांत हीच गोधडी दुकानांत मोठ्या किंमतीस विकली जाते, तेथें करणारीचें नांव नसतें. आणि घरीं नवरा म्हणतो, बसल्या बसल्याचें काम आहे. बसल्या बसल्याच पाठ मोडते व डोळे जातात, हें त्याच्या हिशेबीं नाहीं.

१९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंत हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याचा विचार पुढें आला. तो आम्हांस पटतो. पण हाताचें काम शाळेंत आणणें निराळें, आणि मुलीला शाळेंतून काढून हाताच्या कामाला जुंपणें निराळें. ह्या वर्षीं २ मुली शाळेंत येईनाशा झाल्या. चौकशी केली तों उत्तर आलें, "घरीं शिवणयंत्र घेतलें आहे, ती शिवील." भाऊ मात्र शाळेंत येतो, आणि सदऱ्याचें बटण तुटलें कीं बहिणीची वाट पाहतो!

तर येत्या शनिवारपासून सकाळची शाळा सुटल्यावर शिवणाचा एक तास ठेविला आहे. मुलगे व मुली, दोघांनींही बसावयाचें. सुया-दोरा शाळा देईल. धुतलेलें जुनें कापड घरून आणावें. शिकवावयास गांवांतील दोन आजीबाई येणार आहेत. त्यांना फुकट राबवावयाचें नाहीं, म्हणून दाराशीं डबा ठेविला आहे. त्या दोन मुलींचे वडील सभेंत बसले आहेत. सभा उठल्यावर त्यांनीं जरा मागें थांबावें.