कॉम्प्युटर चालू होत नाही, तेव्हा

मागच्या दोन भागांत आपण खतावणी आणि कर्जाचे हप्ते यांवर बोललो. आजचा विषय त्याच खतावणीशी जोडलेला आहे. ग्रामसंघाच्या खोलीत, टेबलावर, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलेला आपला कॉम्प्युटर. सोमवारी सकाळी बटण दाबलं आणि तो चालूच झाला नाही, तर काय करायचं?

बहुतेक ठिकाणी काय होतं? एक ताई बटण दाबते, दुसरी दाबते, तिसरी डब्यावर एक चापट मारते. मग कुणीतरी म्हणतं, "राहू द्या, आपल्याला काय कळतंय त्यातलं. तालुक्याच्या पोराला बोलवा." पोरगं चार दिवसांनी येतं. तोवर एखादीचा कर्जाचा अर्ज अडतो, महिन्याची माहिती वरती जात नाही, बँकेतले साहेब फोन करत राहतात.

आता विचार करा. विहिरीवरची मोटर पाणी उचलत नाही, तेव्हा आपण लगेच मेकॅनिकला बोलावतो का? आधी लाईट आहे का ते बघतो. मग फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो, पाइपात पाणी भरून बघतो, फुटबॉलमध्ये कचरा अडकलाय का ते बघतो. एकेक पायरी बघत जातो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. आधी करंट येतो, मग डबा जागा होतो, मग स्क्रीनवर चित्र येतं, मग हार्डडिस्क सापडते आणि शेवटी विंडोज उघडतं. आपण एवढंच ओळखायचं, की गाडी कुठल्या पायरीवर अडलीय.

पहिली पायरी : काहीच होत नाही. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. म्हणजे करंट पोचत नाही. भिंतीच्या त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. तिथे करंट असेल तर यूपीएस बघा. त्याचं बटण चालू आहे का? यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी दमते. मग यूपीएस नुसता किंचाळतो, किंवा लाईट गेल्याबरोबर सगळं बंद पाडतो. कॉम्प्युटरची वायर यूपीएसमधून काढून थेट भिंतीला लावा. चालू झाला, तर दुखणं यूपीएसचं आहे, कॉम्प्युटरचं नाही. केवढा खर्च वाचला बघा!

नाही झाला, तर डब्याच्या मागची जाड काळी वायर बघा. झाडताना ती ढिली होते. घट्ट दाबून बसवा. मॉनिटरलाही बहुतेक तशीच वायर असते, ती लावून बघा. डब्याच्या मागे, वायरीजवळ एक छोटा खटका असतो, तोही चालू हवा. काही जुन्या डब्यांना तिथेच २३० आणि ११५ असं लिहिलेला लाल खटका असतो. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची, म्हणून तो कायम २३० वरच हवा. खेळता खेळता एखाद्या पोराने तो ११५ वर सरकवला आणि कुणी बटण दाबलं, तर आतला वीजपुरवठ्याचा डबा फट्‌कन उडतो. त्या खटक्यावर चिकटपट्टी लावून टाका.

अजून एक करून बघा. वायर पूर्ण काढा. मग चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आत अडकून राहिलेली वीज त्याने निघून जाते. पाच मिनिटं थांबा, वायर लावा आणि पुन्हा चालू करा. व्होल्टेज वरखाली झाल्यावर अडकलेला कॉम्प्युटर कित्येकदा एवढ्यानेच सुरू होतो.

आणि एक खूण लक्षात ठेवा. रोज पाच-सहा वेळा बटण दाबल्यावरच चालू होत असेल, तर "चालतोय ना" म्हणून गप्प बसू नका. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कमजोर झाल्याचं ते लक्षण असू शकतं. एक दिवस तो पूर्ण थांबेल. तो थांबायच्या आधी आपले हिशेब पेनड्राईव्हवर उतरवून घ्या. एसएमपीएस मात्र आपण उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या आत जिवाला धोका होईल एवढी वीज साठलेली असू शकते.

दुसरी पायरी : पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी. इथे एक सोपी परीक्षा आहे. कीबोर्डवरचं नमलॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा लागतो आणि पुन्हा दाबल्यावर विझतो का? तसं होत असेल तर कॉम्प्युटर आत जागा आहे, अडचण फक्त चित्राची आहे. मॉनिटरचं बटण चालू आहे का बघा. मॉनिटरहून डब्याकडे जाणारी वायर दोन्ही बाजूंनी काढून नीट बसवा. तिच्या बाजूचे दोन स्क्रू हाताने आवळा.

नमलॉकचा दिवा हललाच नाही, किंवा डब्यातून 'टीं टीं' असा आवाज आला, तर कॉम्प्युटर काहीतरी सांगतोय. ते आवाज मोजा. किती लांब, किती छोटे, ते वहीत लिहा. प्रत्येक कंपनीची त्यांची भाषा वेगळी असते, पण मेकॅनिकला ते फोनवर सांगितलं, तर तो योग्य सामान घेऊन येतो. पावसाळ्यात असं झालं, तर बऱ्याचदा रॅम कारणीभूत असते. रॅम म्हणजे आत उभी बसवलेली हिरवी किंवा काळी पट्टी. दमटपणाने तिच्या सोनेरी टोकांवर थर बसतो. वायर पूर्ण काढून, डबा उघडून, आधी डब्याच्या पत्र्याला हात लावायचा म्हणजे अंगातली वीज निघून जाते. मग दोन्हीकडच्या कड्या बाजूला करून पट्टी काढायची, सोनेरी टोकांवरून साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, कोरड्या कापडाने पुसायचं आणि खाच जुळवून पुन्हा बसवायची. कड्या 'टक्' करून लागल्या पाहिजेत. मेकॅनिक हेच करतो. पहिल्यांदा त्याच्यासमोर करून बघा, मग हात बसतो.

तिसरी पायरी : काळ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं येतात आणि गाडी तिथेच थांबते. घाबरू नका, मोबाईलने फोटो काढा. मग बघा, कॉम्प्युटरला कुणाचा पेनड्राईव्ह लावलेला राहिलाय का. कधी कधी कॉम्प्युटर विंडोज त्या पेनड्राईव्हमध्ये शोधत बसतो. तो काढा आणि पुन्हा चालू करा.

दरवेळी एफ-वन दाबा असं येत असेल आणि तारीख दहा-बारा वर्षं मागे गेली असेल, तर आतला गोल सेल संपलाय. वजनकाट्यात असतो तसा, रुपयाएवढा, ३ व्होल्टचा. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. शंभर रुपयांच्या आत मिळतो. तारीख चुकीची असली की बँकेची आणि सरकारी पानं उघडत नाहीत, आणि आपण मात्र इंटरनेटला दोष देत बसतो. सेल बदलला, तारीख लावली की काम होतं. पण जुना सेल टेबलावर टाकू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका आतून भाजते. जिवावर बेतू शकतं. असं झालंच, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

हार्डडिस्कमधून 'टक्... टक्... टक्' असा एकसारखा आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आपले सगळे हिशेब त्याच डबीत आहेत, आणि दर वेळी चालू केल्याने ते वाचायची आशा कमी होत जाते.

चौथी पायरी : विंडोजचं चिन्ह येतं, गोल गोल फिरतं आणि उघडत नाही. इथे धीर लागतो. अपडेट चालू असेल तर अर्धा-एक तासही लागतो. हार्डडिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर त्याला काम करू द्या. दोन-तीन वेळा नीट उघडलं नाही, की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं पान आणतं. तिथे 'स्टार्टअप रिपेअर' दाबायला हरकत नाही. पण 'रीसेट' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' या शब्दांना हात लावायचा नाही. त्याचा अर्थ, सगळं पुसून टाका.

आता झोपेतून न उठणारा कॉम्प्युटर. जरा वेळ काम थांबवलं की तो झोपतो आणि मग माऊस हलवला तरी हूं की चूं करत नाही. कीबोर्डवरचं एखादं बटण दाबा, वीस सेकंद थांबा. मग चालू करायचं बटण एकदाच, हलकेच दाबा. तरी उठला नाही, तर तेच बटण दहा सेकंद दाबून धरा. तो बंद होईल. मग पुन्हा चालू करा. न साठवलेलं काम मात्र जातं. झोपेत असताना अर्धवट काम रॅममध्ये असतं आणि रॅमला सतत वीज लागते. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून जेवायला जाताना झोपवून जाऊ नका, काम साठवून बंदच करा. सेटिंगमध्ये पॉवर या ठिकाणी जाऊन झोपेच्या पुढे 'नेव्हर' करून ठेवा.

अजून एक गंमत आहे. आताच्या विंडोजमध्ये 'शट डाऊन' केलं, तरी लवकर उघडता यावं म्हणून थोडंसं काम आत तसंच साठवून ठेवलेलं असतं. त्यातच बिघाड असेल, तर दहा वेळा बंद-चालू करूनही तोच बिघाड परत येतो. अशा वेळी 'रीस्टार्ट' करा. त्याने सुरुवात पहिल्यापासून होते.

हे सगळं करूनही नाही झालं, तर मेकॅनिकला बोलवायचंच. त्यात कमीपणा नाही. पण कसं बोलवायचं, ते महत्त्वाचं आहे. आमच्या भागातल्या एका गटात कॉम्प्युटर उघडत नव्हता. मेकॅनिक आला, म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." खोलीत असलेल्या मावशी म्हणाल्या, "मारा बाबा, चालू झाला म्हणजे झालं." कॉम्प्युटर तासाभरात चालू झाला. दीड वर्षाचे हिशेब मात्र पुसले गेले. मग लेखापालताईंनी घरोघर जाऊन प्रत्येकीचं पासबुक गोळा केलं आणि सगळं पुन्हा लिहून काढलं. दोन जणींच्या पासबुकात हप्त्याची नोंदच नव्हती. त्यांनी पैसे भरले होते की नाही, यावरून गटात जी कुरबुर झाली, ती मिटायला फार दिवस लागले. यंत्र पुन्हा विकत घेता येतं. एकमेकींवरचा विश्वास कुठल्या दुकानात मिळतो?

म्हणून मैत्रिणींनो, मेकॅनिक दादा आले की चार गोष्टी ठरवून सांगायच्या. एक, फॉरमॅट करायच्या आधी आमची माहिती बाहेर काढून द्या. दोन, काम लेखापालताईंसमोर करा. डबा दुकानात न्यायचाच असेल, तर कागदावर लिहून द्या. तीन, बदललेला जुना भाग आमच्याकडे द्या. चार, पक्कं बिल द्या. चांगला मेकॅनिक या बोलण्याने रागावत नाही. उलट, समोरच्या बायांना कळतंय म्हटल्यावर कामही नीट करतो.

बिघाड टाळायलाही थोडं करता येतं. कॉम्प्युटरला अर्थिंग असलेलाच तीन पिनांचा सॉकेट द्या. ओल्या हाताने बटण दाबू नका. चालू असताना डब्यावर कापड टाकू नका, त्याला श्वास घ्यायला जागा हवी. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका, तो एकदम जास्त वीज ओढतो. यूपीएस आपल्याला दहा-पंधरा मिनिटं देतो, ती काम साठवून बंद करण्यासाठी आहेत. आकाशात कडकडाट सुरू झाला, की कॉम्प्युटर बंद करून वायर काढून ठेवा, इंटरनेटचीसुद्धा.

आणि या महिन्याच्या बैठकीत एक ठराव घ्या. दर शनिवारी हिशेब दोन पेनड्राईव्हवर उतरवायचे. एक अध्यक्षांच्या घरी, एक सचिवांच्या घरी. कॉम्प्युटरजवळ एक वही दोरीने बांधून ठेवा. कधी बिघडला, स्क्रीनवर काय दिसलं, काय केलं, किती पैसे गेले, हे त्यात लिहा. लिहिणारी दर महिन्याला वेगळी असू द्या, म्हणजे ही माहिती एकीच्याच डोक्यात राहणार नाही.

पुढच्या वेळी बटण दाबल्यावर काही झालं नाही, तर डब्याला चापट मारायच्या आधी एवढंच विचारा : करंट, स्क्रीन, अक्षरं, की विंडोज? कुठे अडलंय ते सांगता आलं, तर अर्धी दुरुस्ती तुम्हीच केलीत. पुढच्या भागात मोबाईलवर येणाऱ्या खोट्या बँकेच्या फोनबद्दल बोलू. तोवर नमस्कार.