कोरं चित्र



मघाशी आपल्या शाळेच्या नाटकात माइक बंद पडला. विंगेतून एक मुलगी चटकन पुढे आली, दुसरा माइक हातात देऊन गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळात, म्हणजे एसएसबीत, नेमकं हेच शोधतात.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, लेखी परीक्षेला ९०० गुण आणि पुढच्या पाच दिवसांच्या एसएसबीलाही ९००. त्यात मानसशास्त्राच्या चाचण्या असतात. पडद्यावर ३० सेकंद चित्र दिसतं, ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं, बारावं कोरं. मग ६० शब्द, प्रत्येकावर १५ सेकंदांत एक वाक्य. मग अर्ध्या तासात ६० प्रसंग, प्रत्येकात काय कराल ते लिहायचं. एवढ्या घाईत सोंग वठत नाही, मनातलंच कागदावर येतं.

ब्रिटनमध्ये नुसत्या मुलाखतीवर निवडलेली मुलं प्रशिक्षणात गळू लागली, म्हणून १९४२ साली ही पद्धत आली. पुढच्याच वर्षी ती आपल्याकडे डेहराडूनला सुरू झाली.

एसएसबीच्या पहिल्या खेपेला मी पाठ केलेल्या गोष्टी लिहिल्या. माझा नायक एकटाच पूर अडवायचा, एकटाच दरोडेखोर पकडायचा. गटचर्चेत मात्र माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे आणि मैदानावरचे अधिकारी आपल्याला वेगवेगळे पाहतात नि शेवटी ताडून बघतात. माझा छातीवरचा नंबर पुकारला गेला नाही.

दुसऱ्या खेपेला कोऱ्या चित्रावर मी आपला नरपडचा किनारा लिहिला. भरती चढतेय, होडी वर ओढायला माणसं कमी आहेत. एक पोरगा वाडीत पळत जाऊन चिकू तोडणाऱ्यांना बोलावून आणतो. हे मी केलेलं होतं. निवड झाली.

या चाचण्या माणसाची किंमत ठरवत नाहीत, हे पालकांनी मनावर घ्यावं. हवाई दलाच्या आठ जागांसाठी डॉ. कलाम नववे आले होते.

आता मुलींनाही ही वाट खुली आहे. खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. नाशिकला २०२३ पासून मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथला अर्ज दहावीतच भरावा लागतो. त्या माइकवाल्या मुलीचे आईवडील इथे असतील, तर कार्यक्रम संपल्यावर मला जरूर भेटा. मी थांबतो.